सगुणाबाईंनी घातलेलं तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांनी मला मन उघडं करायला शिकवलं त्या अण्णांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? — मलाही नीट माहीत नाही.

घोटावड्याजवळच्या एका वाडीवर मी मास्तर होतो. शेर-पायली जाऊन नुकते किलो-लिटर आले होते, ते पोरांना शिकवता शिकवता माझंच डोकं उठायचं. अण्णा म्हणजे वाडीतले म्हातारे पोस्टमन, नोकरीतून मोकळे झालेले. पहाटे देवळात ते आम्हा सात-आठ जणांना ध्यानाला बसवायचे. देव नंतर बघा, आधी स्वतःला बघा, म्हणायचे. त्यासाठी दर सोमवारी मौन, आणि रोज आपले दोष लिहायला एक वही. मौनात अडलं तर लिहायला माझ्याजवळ पाटी असायची. 'भाजीत मीठ कमी' हेसुद्धा मी तिच्यावर लिहून बायकोला दाखवलेलं आहे. ही पाटी लक्षात ठेवा.

माझी वही — काय सांगू! 'आज चहाची वासना झाली.' 'एका पोरावर उगाच रागावलो.' अक्षर मोत्यासारखं. अण्णा ती सगळ्यांना वाचून दाखवायचे. लोकांना आवडतील असे दोष निवडून लिहिणं मला फार लवकर जमलं.

त्या चैत्रात अण्णांनी एक्केचाळीस दिवसांचं अनुष्ठान धरलं. गाभाऱ्यात दिवा अखंड तेवता ठेवायचा, त्याच्यासमोर पाळीपाळीने बसायचं. तेल घालायचं काम त्यांनी सगुणाबाईंना दिलं. सगुणाबाई विधवा, पाठीमागे कुणी नाही. विधवेच्या हातचं तेल देवाला कसं, म्हणून कुजबुज झाली, पण अण्णा बधले नाहीत. खालमानेने चालणारी ती बाई देवळाची पायरी ताठ चढू लागली. हितं जीवाला बरं वाटतं, एवढंच म्हणायच्या.

तिसावा दिवस. सोमवार, दुपारची पाळी माझी. उकाडा असा होता की — नाही, उकाड्याला कशाला मध्ये आणू? ध्यान राहिलं बाजूला, मी त्या दोषांच्या वहीने वारा घेत बसलो होतो. ज्योत विझली. देवामागची काड्याची पेटी घ्यायला घाईने हात घातला, तर कोपराने दिवा कलंडला. तेल सगळं फरशीवर. उपरण्याने पुसलं, दिवा जागेवर ठेवला, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. पुढच्या पाळीची माणसं आली होती. मी ते तेलकट उपरणं मांडीखाली घेतलं आणि डोळे मिटले.

दिव्यात तेलाचा थेंब नाही, अशी ओरड झाली. माणसं जमली, अण्णा आले, सगुणाबाईंना बोलावणं गेलं. मला कुणी विचारलंच नाही. मास्तरांचं मौन हाय, त्यांना हलवू नगा, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. मौनाचा एवढा मान होता वाडीत.

सगुणाबाईंनी मात्र विचारलं. माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मास्तर, तुमी हितंच व्हता. म्या तेल घातलं व्हतं का न्हाई? निस्ती मान हलवा."

पाटी शेजारीच होती, पेन्सिल तिच्या दोरीला. मांडीखाली तेल ओलं लागत होतं. मी डोळे उघडले नाहीत.

अण्णांनी अनुष्ठान पहिल्या दिवसापासून पुन्हा धरलं. तेलाचं काम माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'गडबडीतही आज मन स्थिर राहिले.' अण्णांनी तेही वाचून दाखवलं.

सगुणाबाई पुन्हा पायरी चढल्या नाहीत. खालूनच हात जोडायच्या. सुरुवातीला भेटेल त्याला सांगायच्या, म्या घातलं व्हतं. मग सांगणं कमी झालं. चार-पाच वर्षांनी शाळेच्या वाटेवर भेटल्या. तोवर मी वाडीचा साधुपुरुष झालो होतो, लोक पाया पडायचे. त्याही वाकल्या.

"मास्तर, अण्णा सांगायचं तसं रोज बसून मनात बघितलं. मीच इसरले आसंन तवा. तुमच्या तपात इघ्न आलं माझ्यापायी."

तो सोमवार नव्हता. मला बोलता येत होतं. मी म्हणालो, "असू द्या, होतं असं."

पुढे त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला. घराला कडी लावून निघायच्या आणि अर्ध्या वाटेवरून परत बघायला जायच्या. दोन वर्षांनी वारल्या. मास्तरांनी त्या बाईला मोठ्या मनाने माफ केलं, असं वाडीत अजून सांगतात.

दिवा भरलेला होता. मी बसलो तेव्हा काठोकाठ भरलेला होता.