एका दमातला भूगोल

चुन्याच्या फक्कीचा वास आला की मला शहापूरच्या आमच्या कॉलेजच्या कबड्डीच्या मैदानावरचे जुने दिवस आठवतात. खेळाडू मुलींच्या अभ्यासाचे जादा तास माझ्याकडे होते. सरावानंतर त्या चणे-गूळ खात वर्गात यायच्या आणि पुस्तक उघडलं की पेंगायच्या. डोळखांबकडच्या पाड्यावरून येणारी, चढाईत सगळ्यांत चपळ असलेली मुलगी भूगोलात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर संघातून नावच गेलं असतं. “मॅडम, बाकावर बसली का मना काय आठवत नाय,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मग मी पुस्तक घेऊन मैदानातच उतरले. चढाईला जायचं, पण ‘कबड्डी कबड्डी’ऐवजी उत्तर म्हणायचं, तेही एका दमात! आठवड्याभरात तिचं सगळं पाठ झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या करड्या चेहऱ्याच्या सरांनी विचारलं, “नदीच्या झिजेमुळे काय काय तयार होतं?” तिने श्वास भरून घेतला, घळई, धबधबा, रांजणखळगे असं न थांबता म्हणत टेबलापर्यंत गेली, सरांच्या मनगटाला हात लावला आणि उडी मारून उंबऱ्यापाशी परत आली. मी डोळेच मिटून घेतले. सर आपलं मनगट पाहत म्हणाले, “दम काही सुटला नाही. म्हणजे मी बाद!” ती पास झाली, पुढे शिकली आणि आता ते जादा तास तीच घेते, मैदानातच. मी फक्की मारते, आणि मधल्या रेषेवर जरा रेंगाळले की ती ओरडते, “मॅडम, बाजूला व्हा, पोरगी उत्तर घेऊन येतेय!”