मोशीचा उतार

चिंचवडहून कुरुळी जेमतेम बारा-तेरा मैल. एवढ्याशा रस्त्याचं वर्णन कुणी लिहीत नाही, आणि मी तर पत्रातसुद्धा खुशालीपलीकडे न जाणारा माणूस. तरी लिहायला बसलो आहे.

मार्गशीर्षातली सकाळ होती. कुरुळीला माझं सासर. सासऱ्यांना, म्हणजे दादांना, मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं. त्यांना गाडीतून चिंचवडला आणायचं आणि मग पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरलं होतं. मी शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं आणि पंप विकतो. लढाईनंतर खडकीचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याची जुनी गाडी मी घेतली. काळी, उंच, दारं मागच्या बाजूला उघडणारी. तिचं सगळं काम मी माझ्या हातानं करतो. तिच्या पुढच्या दोन दिव्यांपैकी एक जुना आहे, एक नवा. नव्या दिव्याची हकिगत पुढे येईल.

वत्सला, माझी पत्नी, नेहमीप्रमाणे मागे बसली. मांडीवर दशम्यांचा डबा. दोन वर्षं झाली, ती पुढे बसत नाही.

पिंपरीपर्यंत थंडीनं काच पुन्हा पुन्हा धुरकट होत होती. निर्वासितांच्या वस्तीत बाजेवर पापड वाळत घातले होते. पलीकडे औषधाच्या कारखान्याच्या नव्या भिंती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. इथला रस्ता अगदी सरळ, पण आमची गाडी सरळ जाईना. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी जरा डावीकडे जाई, मग उजवीकडे. स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी तिला पत्ता नसे. आणखी फिरवावं तर एकदम ऐके. बैलगाड्यांच्या चाकोरीत पुढचं चाक पडलं की गाडी चाकोरीचीच होऊन जाई. मी सारखा थोडंथोडं सावरत होतो आणि मागे कळू नये म्हणून मान स्थिर ठेवत होतो.

"आज मी मागे बसूनही डुलते आहे," वत्सला म्हणाली.

मी म्हणालो, चाकात हवा कमी असेल.

कासारवाडीच्या फाट्याला नाशिकच्या रस्त्याला लागलो आणि भोसरीत चहाला थांबलो. कांदाभजी नुकती कढईतून निघाली होती. सोबत तळलेल्या मिरच्या. मी पायपंपानं हवा भरली, चाकांचे नट आवळून पाहिले. सगळं ठीक होतं. चहावाला माझी खटपट बघत होता.

"लांबनं बघितली म्या तुमची गाडी," तो म्हणाला. "लय डुलतीया राव. बाई मागं बसल्यात म्हून रुसली आसंल."

त्यानं गमतीनं म्हटलं. वत्सलेनं कप खाली ठेवला. गाडीत बसताना ती म्हणाली, "येताना दादांना घेऊन तुम्ही या. मी एस्टीनं येईन. म्हातारा माणूस गाडीत असताना मी नकोच."

हे ती का म्हणाली, ते मोशी आली की सांगावं लागेल.

मोशीला रस्ता इंद्रायणीच्या पुलाकडे उतरतो. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, खाली ज्वारीची शेतं, थंडीत नदीवर धुकं. या वाटेवरची सगळ्यात देखणी जागा हीच. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर समोरून म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली. शेजारी बसलेल्या वत्सलेनं घाबरून माझा हात धरला, आणि आम्ही चारीत गेलो. एक दिवा फुटला. वत्सलेचं उजवं मनगट मोडलं. ते अजून थोडं वाकडं आहे, भाकरी थापताना दुखतं.

तिनं त्याच संध्याकाळी शेजारणीला सांगितलं, "मीच ह्यांचा हात धरला हो." मग माहेरी सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं. प्रत्येक वेळी मी तिथे होतो, किंवा पलीकडच्या खोलीत होतो, आणि गप्प होतो.

गाडी तिनं हात धरण्याआधीच सुटली होती. स्टिअरिंगकडून पुढच्या चाकाकडे एक दांडा जातो. त्याच्या टोकाला लोखंडी गोळा वाटीत बसवलेला असतो. ती वाटी झिजली होती, आणि मला महिनाभर ते ठाऊक होतं. आज करू, उद्या करू, यात राहिलं. तिचा हात प्लास्टरमध्ये असताना मी गुपचूप वाटी आवळली. गाडी सुतासारखी सरळ चालू लागली. तोवर वत्सला मागे बसू लागली होती. ती म्हणाली, "बघा, मी शेजारी नाही तर कशी छान चालते." मी त्यावरही काही बोललो नाही. आता वाटी पुन्हा झिजली होती.

म्हणून त्या सकाळी तो उतार आम्ही बैलाच्या चालीनं उतरलो.

कुरुळीला दादा ओट्यावर बसले होते. दिसत नसलं तरी आवाजावरून त्यांनी गाडी ओळखली. मेहुणे कांद्याच्या लागणीला शेतावर गेलेले. जेवायला अवकाश होता. शेजारच्या रखमाकाकू डोकावून गेल्या, त्यांनी ओंजळभर बोरं दिली. मी दादांना म्हटलं, गाडी जरा सैल झाली आहे, निघण्याआधी बघतो.

"बगा, बगा," दादा म्हणाले. "मला काय, मोतीबिंदूवाला आंधळा गडी. पर गाडीनं तरी वाट बगून चालावं."

खळ्याची जमीन सपाट होती, तिथे गाडी घेतली. हा तपास एकट्यानं होत नाही. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथं दुखणं. दादांना दिसत नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी वत्सलेला हाक मारली. खरं तर सांधा कुठला, हे मला न बघताही ठाऊक होतं. तरी तिला का बोलावलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"मी स्टिअरिंगला हात लावू?" तिनं विचारलं. पदर खोचून बसली. रखमाकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "वच्छे, आता एस्टी चालीवनार का काय गं?"

मी खाली सरपटलो. मातीला कडब्याचा वास होता. पेडलच्या फटीतून तिच्या पायांतली जोडवी दिसत होती. मी सांगे तसं ती स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे हलवत होती.

"अहो, मी एवढं फिरवलं, पण चाक हललं का?" ती म्हणाली. "काकू, तुम्ही बघा हो."

"न्हाई बया. नुसती तूच हालतीयास."

वत्सला हसली. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबली. मग तिनं विचारलं, "हे असं कधीपासून आहे?"

"या खेपेला दोनेक महिने झाले."

"या खेपेला म्हणजे?"

दांड्यावर माझा हात होता. तो मी तसाच राहू दिला आणि म्हणालो, "त्या दिवशीही होतं. तू हात धरलास त्याच्या आधीच गाडी सुटली होती. मला माहीत होतं."

जोडवी हलली नाहीत. मग वरून आवाज आला, "आणि नंतर सरळ चालायला लागली ती?"

"मी दुरुस्त केली. तू प्लास्टरमध्ये होतीस तेव्हा."

दार उघडलं. तिची पावलं खळ्यातून घराकडे गेली. घाईनं नाही, नेहमीसारखीच. दादांनी विचारलं, "काय सापडलं का?" मी म्हटलं, सापडलं. मग पिन काढली, वाटीचं झाकण पान्यानं आवळलं, गोळा अडकू नये म्हणून किंचित मागे घेतलं, ग्रीस भरलं, नवी पिन घातली. अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षांपूर्वीही तेवढंच होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पानांचं कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी), कांद्याची पात आणि लसणाचा ठेचा. भाकऱ्या वत्सलेनं थापल्या होत्या. ती दादांना आग्रह करत होती. माझ्या ताटात मात्र न विचारता वाढत गेली. मीही सगळं खाल्लं.

निघताना दादांना तिनं मागे बसवलं, पायांवर घोंगडी घातली, बाजूला माळव्याची (भाजीपाल्याची) टोपली ठेवली. मी एस्टीचं विचारणार होतो. तेवढ्यात ती पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली, रस्त्याकडे बघत.

नदीपर्यंत दादाच बोलत होते. रस्त्याकडेची शेतं त्यांना न दिसताही पाठ होती. पूल ओलांडला आणि मोशीचा तोच उतार आता चढ होऊन समोर आला. ऊन नदीवर तिरपं पडलं होतं. गाडी बोटाच्या इशाऱ्यानं चालत होती. वडांच्या सावलीत आलो आणि वत्सलेनं एकाएकी माझा डावा दंड धरला. त्याच वाकड्या मनगटाच्या हातानं, नखं रुतावीत इतका घट्ट, आणि एकदा जोरात ओढला. मी स्टिअरिंग आवळून धरलं. गाडी किंचित थरारली आणि सरळ चढत राहिली.

"काय गं झालं?" मागून दादांनी विचारलं.

"काही नाही दादा. तपासत होते."

चढ संपल्यावर तिनं हात सोडला. मग हळू म्हणाली, "दोन वर्षं मी जगाला सांगत फिरले. आता तुम्ही सांगायचं. सगळ्यांना."

चिंचवडला शेजारीण दारातच होती. वत्सलेला पुढच्या दारातून उतरताना पाहून म्हणाली, "अगोबाई, आज पुढे?"

"ह्यांना विचारा," वत्सला म्हणाली आणि दादांचा हात धरून आत गेली.

मी अंगणात उभा राहून शेजारणीला सगळं सांगितलं. मग पुढच्या आठवड्यात मेहुण्यांना, संक्रांतीला तिच्या मावशीला. काही माणसं दूरगावी गेली, काही कुठे असतात तेही ठाऊक नाही. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून हे बारा मैल लिहिले.

दादांचा एक डोळा आता चांगला आहे. गाडी मी दर महिन्याला तपासतो. मी खाली निजतो, वत्सला स्टिअरिंगवर बसते. मी "हलव" म्हटलं की ती लगेच हलवत नाही. आधी वरून विचारते, "आणखी काही सांगायचंय?"