आस्मुंडच्या चाळीस रेघा

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर लांगवोग नावाचं गाव आहे. त्या गावच्या धक्क्याला ज्या बोटी लागत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बोटींवरची नावं एकाच हातची होती. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोन्ही अंगांना, पांढऱ्या रंगात लिहिलेली. अक्षर असं, की वाऱ्यासमोर छाती काढून उभं राहिलंय असं वाटावं. बोट खाडीच्या तोंडाशी दिसली की धक्क्यावरची माणसं म्हणत, "आस्मुंडचं अक्षर आलं." बोट कुणाची, हे मागाहून कळे.

तोरुन ही त्या आस्मुंडची एकुलती मुलगी. रात्रभराच्या बोटप्रवासावर जे शहर आहे, तिथल्या कलाशाळेत ती तिसऱ्या वर्षाला होती. चित्र काढणं तिने जवळजवळ सोडलं होतं. ती चित्र घडू द्यायची. घरी येता-जाता बोटीच्या खोलीत छताला दोरीने पेन्सिल टांगायची, खाली कागद ठेवायची, आणि रात्रभर लाटा त्या कागदावर काय गिरवतात ते सकाळी बघायची. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडात आठ-आठ दिवस गुंडाळून ठेवायची आणि उलगडताना श्वास रोखायची. कॉड माशाचं कातडं खिडकीच्या काचेवर ताणून वाळवायची आणि त्यातून येणारा उजेड वहीत उतरवायची.

एकदा तर मासळीच्या कारखान्यातल्या जुन्या फळीवर कागद पसरून तिने त्यावरून शिसं घासलं. तीस वर्षांचे सुऱ्यांचे घाव कागदावर उमटले. कारखान्यातल्या बायका भोवती जमल्या.

"हा बघ, हा माझा घाव," बोर्गहिल्ड नावाची एक जाडजूड बाई बोट ठेवून म्हणाली. "एवढा खोल माझाच. त्या दिवशी नवऱ्याशी भांडून आले होते."

"म्हणजे अख्खी फळीच तुझी की गं," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या पोट धरधरून हसल्या.

तो कागद तोरुनने शाळेत नेला. तिच्या बाईंचं नाव वाल्बोर्ग. बाईंनी तो पाहिला, लाटांचे कागद पाहिले, गंजाची कापडं पाहिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "छान आहे सगळं. पण हे समुद्राने काढलं, हे गंजाने काढलं, हे त्या बायकांनी. यात तू कुठे आहेस, तोरुन? तुला काय दुखतं?"

हा प्रश्न घेऊन ती जानेवारीत घरी आली.

काय दुखतं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावरच होतं. दोन वर्षांपूर्वी आस्मुंड शिडीवरून पडला. खांदा दुखावला, महिन्याभरात बराही झाला. पण त्याच दिवसांत उजव्या हाताला जो कंप सुटला, तो राहिला आणि वाढत गेला. शहरातल्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. गावात मात्र "खांदा" एवढंच सांगितलेलं होतं. बोटवाले म्हणत, "खांदा सुधारू दे, मग कर. आम्ही थांबतो." ते खरंच थांबत. नावाच्या पाट्या बोटीवरून काढून त्याच्या शेडमध्ये आणून टाकत. तो आतून कडी लावायचा, मनगट काठीला बांधून घ्यायचा आणि दिवसाला एक अक्षर करायचा. एका पाटीला आठवडा जाई. लोक म्हणत, "म्हाताऱ्याला लहर आली की करतो." खरं काय ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. खुद्द तोरुननेही दुकानात दहा जणांना खांद्याचीच गोष्ट सांगितली होती.

त्या सकाळी हेर्डिसने, म्हणजे तिच्या आईने, नवऱ्याच्या कपात नेहमीसारखी अर्धीच कॉफी ओतली. तरी कप बशीवर वाजला. तोरुन तो आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला एक रेघ ओढून देतोस?"

"कसली रेघ?"

"सरळ. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटीला पट्टा ओढायचास ना, तशी."

"म्हातारपणी बापाची थट्टा करतेस?"

"थट्टा नाही. मला हवीय."

"दे की ओढून," हेर्डिस म्हणाली. "नाहीतर पुन्हा माझे खिळे व्हिनेगरात बुडवायला घेईल."

आस्मुंड उठला. आधी त्याने खिडकीचा पडदा ओढला, मग बसला. लांगवोगमध्ये कुणी पडदे ओढत नाही. जानेवारीतल्या दिवसभराच्या अंधारात तर खिडकीत दिवा ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. तोरुनने पडदा पाहिला, दिवा उचलून टेबलावर आणला आणि कागद सरळ केला. याहून अधिक विचार तिने केला नाही.

रेघ निघाली ती ताठ. दोन बोटं अंतर गेली आणि रेघेच्या अंगावर काटा आला. मग ती लहरली, सावरली, पुन्हा लहरली. पण थांबली नाही. पलीकडच्या टोकाला पोहोचली तेव्हा आस्मुंडच्या कपाळावर घाम होता.

"घे," तो म्हणाला. "वादळात सापडली बिचारी."

दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता पडदा ओढला. मग रोजच. कधी एक रेघ, कधी तीन. "आज वारा पडलाय," तो म्हणायचा, किंवा "आज उत्तरेचं वारं आहे, बोटी बाहेर काढू नका." हेर्डिस तव्यावर वॉफल भाजता भाजता मान वळवून बघायची. त्याने लेकीला सांगितलं, की रेघ ओढताना श्वास हळूहळू सोडत जायचा, धरून ठेवायचा नाही. श्वास धरला की रेघ घाबरते. चाळीस वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पडदा ओढलेल्या त्या खोलीत ती तिघं खूप हसली. सुट्टी संपली तेव्हा चाळीस कागद झाले होते.

वाल्बोर्गबाईंनी ते कागद एकेक करून पाहिले. मग दार उघडून शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना बोलावून आणलं. वसंतातल्या प्रदर्शनात तोरुनला अख्खी एक भिंत मिळाली. चाळीस कागद एका ओळीत लागले. खाली तिने पाटी लावली: "आस्मुंडच्या रेघा. आस्मुंड, बोटींवर नावं लिहिणारा, लांगवोग."

विचारायचं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दोनदा फोन लावला. एकदा आई बोलली, छपराची पन्हळ गळतेय, ते सांगत बसली. दुसऱ्यांदा बाबाने उचलला. तो खुशीत होता. पेडर नावाच्या बोटवाल्याची पाटी पुरी झाली होती आणि पेडरला फरक कळला नव्हता. "काय म्हणाला माहितेय? म्हणाला, खांदा बरा दिसतोय!" आस्मुंड हसला. तोरुनही हसली. सांगायचं राहिलं. तिने मनाची समजूत घातली, की शहर कुठे आणि लांगवोग कुठे. पण खोलवर तिला माहीत होतं, की तो नको म्हणेल, आणि मग तिच्याकडे काहीच उरणार नाही.

वर्तमानपत्रवाले आले. भिंतीचा मोठा फोटो छापला, पाटीसकट. खाली लिहिलं, एकेकाळच्या पक्क्या हातातला कंप लेकीने किती नाजूकपणे टिपलाय. ते वर्तमानपत्र गुरुवारच्या बोटीने लांगवोगला पोहोचलं. दुकानात कॉफीच्या किटलीशेजारी पडून राहिलं. गावाने वाचलं आणि गाव गप्प राहिलं. त्या गावात दुसऱ्याचं दुःख समजलं, की आधी तोंड मिटायचं, अशी रीत आहे. ती माया आहे. त्या मायेने माणूस एकटा पडतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"बाबाने वाचलं," आईने फोनवर सांगितलं. "पेपर लाकडांच्या टोपलीत ठेवलाय. जाळत नाही आणि जाळू देत नाही."

मे महिन्यात तोरुन घरी आली. धक्क्याशेजारच्या उतरणीवर सात बोटी ओढून ठेवल्या होत्या. तळ खरवडायचा, रंग द्यायचा, नावं उजळायची, असे ते दिवस. पहिलीच बोट बाबाच्या जुन्या दोस्ताची, हाल्दोरची. बायकोच्या नावाची, रागना. नाळेवर तकतकीत अक्षरं होती, प्लास्टिकची, सगळी सारख्या अंगाची.

हाल्दोर त्यांवरून फडकं फिरवत होता. तिला पाहून तो थबकला. "आलीस? पेपरात बघितलं हो तुला. मोठी झालीस."

"हे नाव..."

"चिकटवायचं असतं. हल्ली पोस्टाने येतात." तो फडक्याची घडी घालू लागला. "म्हटलं, आस्मुंडच्या खांद्याला कशाला त्रास."

अजूनही तो खांदाच म्हणत होता.

"वाकडं लागलंय का गं?" त्याने विचारलं. "रागना म्हणते वाकडं आहे. मी म्हटलं, मग बरोबर तुझ्यासारखंच आहे."

"सरळ आहे," तोरुन म्हणाली.

ती पुढे चालत गेली. सातांतल्या पाच बोटींवर तशीच अक्षरं होती. उरलेल्या दोघांनी नावाला हातच लावला नव्हता. उडालेल्या रंगाचं जुनं अक्षर तसंच राहू दिलं होतं.

शेडचं दार सताड उघडं होतं. आत आस्मुंड कुंचल्यांना चरबी लावत होता. फार दिवसांसाठी ठेवून द्यायचे असले की कुंचल्यांना तशी चरबी लावतात, म्हणजे केस कडक होत नाहीत.

"दार उघडं?" ती म्हणाली.

"आता कडी कशाला?"

ती उंबऱ्यातच राहिली. "बाबा, मी सगळे कागद काढून आणते. फाडून टाकते."

"लोकांनी पाहिलेलं फाडता येतं होय?" त्याने दुसरा कुंचला घेतला. हात थरथरत होता, चरबी बोटांना माखत होती. "मला एक सांग. चांगल्या आहेत का त्या?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "आजवर मी जे काही केलं, त्यात सगळ्यात चांगल्या."

"तेच म्हटलं. पेपरात बारीक दिसत होत्या, तरी कळलं. डावीकडून तिसरी, शेवटाला जरा वर उचललेली. तिच्यात दम आहे." इतकं तो अगदी कारागिरासारखा म्हणाला. मग कुंचला खाली ठेवला. "विचारायचंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. मग दोन दिवसांनी हो म्हणालो असतो. एवढंही ओळखलं नाहीस बापाला?" त्याचा आवाज चढला नाही. "ते दोन दिवस मला पाहिजे होते, तोरुन. मी उठून हाल्दोरकडे गेलो असतो. त्याच्या समोर बसून सांगितलं असतं, बाबा रे, खांदा नाही, हात गेलाय. त्याने शिव्या घातल्या असत्या, दोन वर्षं फसवलंस म्हणून. मग आम्ही कॉफी प्यायलो असतो. आता तो मला धक्क्यावर भेटतो आणि हवापाण्याचं बोलतो."

वर छपरावर समुद्रपक्षी चालत होते.

"पाट्या मी लिहू?" तिने विचारलं. "तू शेजारी बस. सांग."

"लिही की. कुणी आणली तर लिही."

तोरुन उन्हाळाभर राहिली. शेडमध्ये तिने फळ्या घासून, अस्तर देऊन तयार ठेवल्या. सकाळी दार उघडायची, संध्याकाळी लावायची. कुणी पाटी आणली नाही. आणली तर आस्मुंडच्या मनाला लागेल, म्हणून नाही आणली. बाबा तिच्यावर रागावला नव्हता. तिच्याशी बोलायचा, जेवताना माशाच्या गाबोळीतला मोठा तुकडा तिच्या ताटात सारायला हेर्डिसला सांगायचा. फक्त सकाळची कॉफी तिच्या आधी उठून एकटाच पिऊन घ्यायचा. वही उघडून ती अंगणात बसली, की तो घराच्या मागच्या बाजूने जायचा.

शाळेने ते चाळीस कागद ठेवून घेतले. तसं पत्र आलं तेव्हा त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "नीट ठेवा म्हणावं. उन्हात नको."

ऑगस्टअखेर ती निघाली. बोटीवरून तिने खाली पाहिलं. धक्क्यावर आई होती, हाल्दोर होता, रागना होती, बोर्गहिल्ड होती. सगळ्यांनी हात हलवले. आस्मुंड त्यांच्यात जरा मागे उभा होता. बोट सुटली, वळली, खाडीच्या तोंडाशी गेली, तोवर तो तिच्याकडेच बघत मान हलवत राहिला. हात मात्र त्याने कोटाच्या खिशातून बाहेर काढले नाहीत.