चाचींचा बुरखा मिरजेत चढायचा

परका माणूस म्हणजे नेमका कोण, याचा निवाडा आमच्या शेजारच्या चाचींइतक्या काटेकोरपणे सबंध औंधात कुणी केला नसेल. मी लग्न होऊन तिथं गेले, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. चाची घरोघर बांगड्या भरत फिरायच्या. डोईवर पदर, तो घसरला की दातांत धरायच्या, पण बोलणं काही थांबायचं नाही. बुरखा गावात कधीच नाही. मिरजेला निघाल्या की मात्र तो पिशवीत असे आणि मिरज जवळ आली की एस.टी.तच अंगावर चढे. मला भारी नवल. एकदा विचारलंच.

“अगं, हितं कुनापासनं झाकू? समद्यांस्नी ल्हानाचं मोठं झाल्यालं बघितलंय. मिरजंत कोन कुनाचा?”

एकदा विट्याला कंडक्टर बदलला, तर बुरखा तिथंच चढला. चाचींनी जाळीआडूनच त्याचं गाव विचारलं, आई विचारली. तो त्यांच्या माहेरच्या गल्लीतला निघाला आणि बुरखा परत पिशवीत गेला!

पुढं त्यांच्या धाकट्या लेकीनं, जरिनानं, मिरजेला नर्सिंग शिकायचं मनावर घेतलं. चाचा हयात नव्हते, थोरल्या दिरांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “उघड्या डोक्यानं पोरगी परक्यांत वावरायची? जमायचं न्हाई.”

जरिना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चाची मला घेऊन मिरजेला गेल्या. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्या नर्सा जाळीतून न्याहाळत राहिल्या. अखेर एकीला थांबवलं.

“बाई, ही पांढरी टोपी मधीच काढून ठेवता का वो?”

“छे! टोपी नसली तर वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत.”

घरी येऊन चाचींनी दिरांना सुनावलं, “आवं भाऊजी, डोस्कं झाकल्याबिगर तितं कामावर घेत न्हाईत. आपल्यापरास लय कडक मानसं हाईत ती!”

दिरांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, “दवाखान्याच्या दारापतूर बुरखा घालू दे.”

जरिनाला पोचवून चाची परतल्या आणि चार दिवस बांगड्यांची पेटी घेऊन बाहेरच पडल्या नाहीत. मी डोकावले, तर चुलीपुढं नुसत्या बसून होत्या.

“काय झालं, चाची?”

“भाऊजींस्नी पटवलं गं,” त्या म्हणाल्या. “पोरीला परक्यांत सोडून आले, आता मला कुनी पटवायचं?”

मीच उठून चहा टाकला.