शनिवारी मला जमणार नाही

मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलगा पुण्याचा, नोकरीला इथेच बेंगळुरात, महादेवपुऱ्याला. वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. आई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना आम्ही एकदाच भेटलो होतो. कडक इस्त्रीची सुती साडी, मोजकं बोलणं आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत जागची न हलणारी नजर. घरी परतताना माझे यजमान म्हणाले, "मला तर गृहपाठ राहिल्यासारखं वाटत होतं."

मग लग्नाची तारीख आणि कार्यालय ठरवायला बसायचं होतं, म्हणून त्यांचा फोन आला.

"शनिवारी दुपारी येतो आम्ही. चालेल ना?"

"शनिवारी मला जमणार नाही," मी म्हटलं. "रविवारी या ना. जेवायलाच या."

"शनिवारी घरी काही कार्य आहे का?"

"घरी नाही. येलहंकाच्या पुढे मैदानावर रॉकचा कार्यक्रम आहे. मी तिकीट काढलंय."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"कोणाबरोबर जाताय?" त्यांनी विचारलं.

"एकटीच जाते मी."

"बरं. मग रविवारी."

फोन ठेवते न ठेवते तोच मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "आई, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"दात चांगले आहेत माझे."

"स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की ग," यजमान म्हणाले. "लग्न काय रोज होतंय?"

"तो बँड तरी कुठं रोज येतोय?" मी म्हटलं. मुलगी दार आपटून आत गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिकीट परत करावं असं काही मनात आलं नाही.

मी बेळगावची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि गाणं म्हणजे रेडिओवर लागेल ते. शिक्षण संपल्यावर इथं बेंगळुरात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात लागले. तिथल्याच एका मैत्रिणीनं मला पहिल्या महिन्यात एका कॉलेजच्या मैदानावर ओढत नेलं. बँडचं नाव माहीत नव्हतं, एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. ड्रमचा पहिला ठोका पडला तो थेट बरगड्यांत. दिवसभर मी आवाजातच असायचे, पण तो सोसायचा आवाज. हा आवाज अंगभर पसरला आणि मी हसायला लागले. का हसते आहे ते मैत्रिणीलाही कळेना, मलाही कळेना.

ती मैत्रीण लग्न करून गावी गेली आणि तिचं सुटलं. माझं नाही सुटलं. मुलगी पोटात होती तेव्हा मी मागे कुंपणाला टेकून ऐकलं. ती लहान होती तेव्हा यजमान तिला घेऊन बसायचे. त्यांना गिटारचा आवाज मुळीच सोसत नाही, पण मला सोडायला आणि न्यायला ते कटकट न करता आले, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. पूर्वी मी अगदी पुढे, कठड्याला चिकटून उभी राहायचे. आता मैदानाच्या मध्यावर, आवाज सांभाळणाऱ्या माणसाच्या टेबलाजवळ उभी राहते. त्याला जे ऐकू येतं ते मलाही येतं. निघण्यापूर्वी दहीभात खाते, गुडघ्याला पट्टा बांधते, कानात कारखान्यातले फोमचे बोळे घालते. आजूबाजूची काळ्या शर्टातली मुलं सुरुवातीला 'आंटी' म्हणतात. तीन गाणी सगळ्या शब्दांसकट म्हटली की 'अक्का' म्हणायला लागतात.

मला कुठलंच वाद्य येत नाही. पण या शहरात जे जे बँड ओल्या मैदानांवर, गळक्या तंबूंत, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवत राहिले, त्यांच्यासमोर मी उभी होते. ते वाजवत राहिले कारण कुणीतरी ऐकायला येत होतं, आणि त्या येणाऱ्यांत मी आहे. याचा मला अभिमान आहे. साहेबांकडे सुट्टी मागताना, सासूबाईंना सांगताना, मी खरं तेच कारण दिलं. मग मुलीच्या सासूशीच खोटं कशाला बोलायचं?

शनिवारी मी गेले. कार्यक्रम झकास झाला. रविवारी सकाळी गुडघे शेकत मसालेभाताची तयारी केली.

विहीणबाई वेळेवर आल्या. जेवता जेवता तारीख ठरली, कार्यालय ठरलं. सगळं सुरळीत पार पडलं म्हणून मुलीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, तेवढ्यात त्यांनी वाटी खाली ठेवून विचारलं, "काल कसा झाला कार्यक्रम?"

मुलगी ताटाकडे बघायला लागली.

"छान झाला," मी म्हटलं. "शेवटच्या बँडनं तर मैदान डोक्यावर घेतलं."

"उभ्यानं ऐकता?"

"हो. खुर्च्या नसतात."

"गुडघे दुखत नाहीत?"

"दुखतात की. आज सकाळीच शेकले."

त्यांनी मान हलवली. "पुढच्या वेळी जाल तेव्हा मला सांगा."

सगळ्यांना वाटलं, बोलायची पद्धत म्हणून म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. लग्न झालं, मुलगी महादेवपुऱ्याला गेली, आणि मी ती गोष्ट विसरूनही गेले. मग एके दिवशी त्यांचा फोन. "तुम्ही मला अजून बोलावलं नाहीत."

"कशाला?"

"रॉकला."

मी विचार करून जागा निवडली. इंदिरानगरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी बँड वाजवतात. जागा छोटी, गर्दी बेताची. त्या दिवशीचा बँड इथलाच होता. चौघांचेही केस पिकलेले, गाणी त्यांची स्वतःची, काही इंग्रजी, काही कन्नड. विहीणबाई सुती साडीवर पायांत बूट घालून आल्या. फोनवर मी तेवढंच सांगितलं होतं, बूट घाला.

दारातल्या पोरानं माझ्या मनगटावर प्रवेशाचा शिक्का मारला आणि त्यांना नुसताच हात जोडून नमस्कार केला. "आत या अम्मा," असं कन्नडमध्ये म्हणून बाजूला झाला.

"माझ्या हातावर का नाही मारला?" त्यांनी मला विचारलं. मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं. तो ओशाळला आणि त्यानं शिक्का मारला. विहीणबाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन तो नीट उमटलाय का ते पाहिलं.

आत मी त्यांना कानात घालायला बोळे दिले. पहिलं गाणं सुरू झालं तशी त्यांनी पर्स छातीशी धरली ती सोडलीच नाही. दुसऱ्या गाण्याला माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "शब्द कळत नाहीत!"

"मलाही सगळे नाही कळत!" मी ओरडले.

चौथ्या गाण्याच्या मध्ये त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. बाहेर गच्चीवजा जागेत दोन खुर्च्या होत्या, तिथं त्या बसल्या होत्या.

"काय झालं? घरी जाऊया का?"

"अजिबात नाही. मला जास्त होतंय एवढंच. तुम्ही आत जा."

"पण तुम्ही एकट्या..."

"मी लिंबू सरबत घेईन. जा तुम्ही, तुमचं गाणं चुकेल."

माझं आवडतं गाणं खरंच सुरू होत होतं. गिटारची सुरुवातीची ओळ ऐकू येत होती. क्षणभर वाटलं, पाहुण्या माणसाला असं बाहेर बसवून जाणं बरं दिसत नाही. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातानंच 'चला' अशी खूण केली, वर्गातल्या मुलीला करावी तशी. मी गेले. आणि एकदा आत गेल्यावर, खरं सांगते, त्यांना पूर्ण विसरले. उड्या मारल्या, गळा बसेपर्यंत गायले. शेवटचं गाणं संपल्यावर वळून पाहिलं तर त्या काचेच्या दारापलीकडे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

परतताना आम्ही रिक्षा केली. माझे कान अजून गुणगुणत होते.

"मला गाणी आवडली नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. "उगाच गोड कशाला बोलू?"

"बरं केलंत, सांगितलंत."

"पण तुम्हाला बघत होते. लग्नात तुम्ही सारख्या हात जोडून, काय हवं नको विचारत फिरत होतात. मला वाटायचं, या बाईंशी काय बोलायचं?" रिक्षावाल्यानं सिग्नलला इंजिन बंद केलं. "मला नाटकाचं वेड होतं. आम्ही दोघं एकही नवीन नाटक सोडायचो नाही. हे गेले आणि मी बंदच केलं. एकटीनं थिएटरात बसायचं, मध्यंतरात एकटीनं चहा प्यायचा, ते काही माझ्यानं झालं नाही. तुम्ही फोनवर 'एकटीच जाते' म्हणालात ना, त्या दिवशी मला रागच आला होता."

"माझा?"

"तुमचा नाही हो. माझा."

मी त्यांच्या पर्सवर हात ठेवला, कारण त्यांचे हात तिच्यातच गुंतलेले होते.

"पुढच्या रविवारी पुण्याचं नाटक येतंय इथं," त्या म्हणाल्या. "मी जाणार आहे."

"मी येऊ सोबत?"

"तुम्ही येऊ नका," त्या ठाम म्हणाल्या. "एकटीच जाणार आहे."

त्या गेल्या. सोमवारी फोनवर त्यांनी मला पहिला अंक कसा लांबला होता आणि नायिकेला शब्द कसे नीट फेकता येत नव्हते, ते सविस्तर ऐकवलं. चहाही प्यायल्या होत्या. तेव्हापासून त्या नाटकाहून आल्या की मला फोन करतात आणि मी कार्यक्रमाहून आले की त्यांना करते. दोघी एकमेकींच्या आवडीबद्दल अवाक्षर चांगलं बोलत नाही. मुलगी म्हणते, तुमचं भांडण चाललंय की गप्पा, तेच कळत नाही.

यंदा गणपतीत त्यांच्या सोसायटीत आरतीला गेले होते. पुण्यामुंबईची, नागपूरची बरीच मंडळी जमली होती. प्रसाद वाटून झाल्यावर विहीणबाईंनी मला दंडाला धरून बायकांच्या घोळक्यात नेलं.

"या आमच्या विहीणबाई," त्या म्हणाल्या. बायका हसून नमस्कार करायला लागल्या. "रॉकच्या कार्यक्रमांना जातात. एकट्या. उभ्यानं ऐकतात."

आवाज तोच, मुख्याध्यापिकेचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या आलेल्या मुलीचं नाव पुकारावं तसा. कुणीतरी खुदकन हसलं. विहीणबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते हसू थांबलं.

घोळक्यातली नागपूरची एक जण, कडेवर मूल घेतलेली, पुढे सरकली. "काकू, मी कॉलेजात असताना जायची. आता हे झाल्यापासून..." तिनं मुलाकडे मान केली. "अशी कशी जाऊ, असं होतं."

"नवरा आहे ना घरी?" मी विचारलं.

"आहे."

"मग त्याच्या कडेवर दे आणि ये. मैदानावर मला शोध. मी मध्यावर असते, आवाजवाल्याच्या टेबलापाशी. लगेच सापडेन. तिथं पांढऱ्या केसांची मी एकटीच असते."