नेवाशाची गाडीपूजा आणि मी फोडलेला नारळ

नेवाशाला जायला मी आधी दोनदा नाही म्हणालो. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा पाहुण्यांचं. तिसऱ्यांदा पारनेरकडच्या संपतरावांचा फोन आला तेव्हा कारणं संपली होती.

"गाडी तुमच्या हातनं आली, लई गुणाची हाय. रविवारी मोहिनीराजापुढं पूजा करायची. नारळ तुमीच फोडायचा," ते म्हणाले.

आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वर्णन वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको. भिंगारमध्ये माझा पाण्याच्या जारचा धंदा होता. तो बंद केला आणि डबल केबिनची डिझेल पिकअप संपतरावांना विकली. त्यांना कांदा बाजारात न्यायला घरची गाडी हवी होती. गाडीला एक खोड होती. इंजिन चांगलं तापलं आणि दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा चालूच व्हायचं नाही. सेल्फ फिरायचा, इंजिन ढिम्म. अर्ध्या तासाने गार झालं की काही घडलंच नसल्यासारखं सुरू. मिस्त्री म्हणाला होता, इंजिनाच्या फिरण्याचा इशारा देणारा सेन्सर गेलाय, बदलून टाका. मी म्हटलं, विकायचीच आहे तर कशाला? संपतरावांना गाडी दाखवली ती सकाळी सात वाजता, थंडगार. पहिल्याच सेल्फला चालू झाली. खोटं मी एक अक्षरही बोललो नाही.

रविवारी साडेआठला ते मला भिंगारहून घ्यायला आले. उन्हाळ्यात जाणार असाल तर याहून लवकर निघा. मी संपतरावांच्या शेजारी बसलो. मागे त्यांच्या पत्नी शोभावहिनी आणि नवी सून कोमल, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. मुलगा कंपनीत पाळीवर होता. गाडी आणि सून एकाच आठवड्यात घरात आल्या, हे वहिनींनी नगर ओलांडेपर्यंत दोनदा कौतुकाने सांगितलं. नगर सोडल्यावर रस्ता छान आहे, फक्त इमामपूर घाटात मालट्रकच्या मागे रांगत जावं लागतं. त्यात इंजिन तापतं. मी सारखा काट्याकडे बघत होतो.

पांढरीपुलाला भेळेसाठी थांबलो. इथली भेळ चुकवू नका, कांदा हात राखून घालत नाहीत. खाऊन परत आलो, संपतरावांनी चावी फिरवली. सेल्फ फिरत राहिला.

"मला न्हाई जमत बहुतेक," ते ओशाळून म्हणाले. "तुमच्याकडं कधी असं करत नव्हती ना?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती, खांद्यावर टॉवेल. सेन्सरवर ओलं फडकं धरलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मग हे तुम्हाला कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलं असतं. मी भेळवाल्याशी उन्हाळ्याबद्दल बोलत बसलो.

पाव तास गेला. वहिनी हसत म्हणाल्या, "कोमल, जरा खाली उतर गं. नवा पायगुण हाय तुजा, बगू तरी."

सगळे हसले. कोमलही हसली आणि उतरली. संपतरावांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

इंजिन गार झालं होतं, एवढंच. हे आम्हा चौघांत मला एकट्याला माहीत होतं.

नेवाशात हाराच्या दुकानापाशी थांबलो. झेंडूचा हार ओवून घेईपर्यंत पुन्हा तेच. या वेळी वहिनी हसल्या नाहीत. "उतर," एवढंच म्हणाल्या. कोमल ताट घेऊन उन्हात उभी राहिली. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, तर ती म्हणाली, "देऊळ जवळच हाय. मी चालत येते."

मोहिनीराजाचं देऊळ खरंच बघण्यासारखं आहे, खांबांवरचं कोरीवकाम निवांत बघा. मी काही बघितलं नाही. बाहेर बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. वहिनींनी सुनेला ओवाळायला बोलावलं. "मी हितनंच हात जोडते," ती म्हणाली आणि लांबच उभी राहिली. मी नारळ फोडला. संपतरावांनी पहिलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. ते गिळताना मला माझीच लाज वाटत होती.

परतताना घोडेगावला चहा घेतला. सगळे गाडीत बसले, कोमल बसेना. दारापाशी उभी राहून म्हणाली, "तुमी चालू करा. मग बसते." तिला कोणीही काही म्हणालं नव्हतं.

मी खाली उतरलो. "कोमल, आत बस," म्हटलं. टॉवेल भिजवला, गाडीखाली शिरलो आणि सेन्सरवर धरला. पाठ भाजत होती. "आता मारा सेल्फ." दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. कोमल आतच होती.

मी धुळीने माखलेला उभा राहिलो आणि सांगितलं. खोड जुनी आहे, विकण्याआधीपासून मला माहीत आहे, सकाळी थंड गाडी मुद्दाम दाखवली.

संपतराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, व्यवहाराबद्दल बोलतील.

"विकताना गप बसला ते एक येळ समजू शकतो," ते म्हणाले. "सकाळी ती पोरगी उतरली तवा का गप बसला?"

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मागून कोमलने विचारलं, "काका, नक्की सेन्सरच ना?"

"नक्की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला घेऊन त्यांच्या गावी गेलो आणि नवा सेन्सर बसवून दिला. तुमची गाडी तापल्यावरच रुसत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. तो जागचा हलत नसेल तर आधी तिथे शोधा. आणि गाडी विकणार असाल तर दुपारी दाखवा.

महिन्याभराने पारनेरच्या बाजारात ते सगळे भेटले. चहा झाला, संपतराव नीट बोलले, गाडीने एकदाही त्रास दिला नाही म्हणाले. मग सगळे गाडीत बसले. संपतरावांनी चावीला हात घातला, आणि मागच्या सीटवर कोमलचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तिने हात काढून घेतला आणि मी पाहिलं का, ते बघितलं.