बाजाराच्या दिवशीची ग्रामसभा

माझ्या सासऱ्यांनी ग्रामसभा बाजाराच्या दिवशी ठेवली आणि तिथंच ते फसले. आज इतक्या वर्षांनीही हे सांगताना मला हसू आवरत नाही.

मंठ्यापासून थोडं आत असलेल्या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा सासरे सरपंच होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासऱ्यांना मामा म्हणायचं, पण त्यांच्याशी थेट बोलायची आमच्यात रीतच नव्हती. ते ओसरीवर बसले की मी दाराआड. चहा द्यायचा तोही सासूबाईंच्या हातून. माझा आवाज त्यांनी ऐकला असेल तो भाकरी थापतानाचा.

त्या वर्षी गावाला एक हापसा मंजूर झाला. दोन ठिकाणी पाणी लागेल असं तपासणीवाले सांगून गेले होते. एक जागा आमच्या गोठ्यामागची, दुसरी खालच्या गल्लीतली, शाळेजवळची. हापसा कुठं घ्यायचा ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. आमच्या दारात विहीर होती, पण पाणी शेंदावं लागे, म्हणून सासऱ्यांना हापसा गोठ्यामागं हवा होता. शेंदणारी मीच. स्वतःच्या हातांचा विचार केला असता तर मी गप्प बसायला हवं होतं.

पण खालच्या गल्लीत माझी मैत्रीण राहायची. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन गावात आलो. खालच्या गल्लीच्या बाया नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या आणि डोक्यावर घागरी घेऊन चढ चढायच्या. आदल्या उन्हाळ्यात त्याच चढावर तिचा पाय घसरला आणि पोट पडलं. आता तिला परत दिवस गेले होते. ती चढावर दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा.

एके दिवशी चहा उकळताना ओसरीवरचं बोलणं माझ्या कानावर आलं. ग्रामसेवक सांगत होते, "सभा बाजाराच्या दिशी ठेवा सरपंच. समदं गाव मंठ्याला. कोरम भरत न्हाई. सभा तहकूब करायची. मंग पुढच्या सभेला कोरमची गरजच न्हाई. आपले चार लोक बसवायचे अन् गोठ्यामागची जागा मंजूर."

सासरे म्हणाले, "बराबर हाये."

माझं डोकं भणाणलं. समदं गाव म्हणे! बाजाराला जातात ते पुरुष. बाया काय गावात मोजायच्याच नाहीत?

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन झिऱ्यावर गेले. घरी विहीर असताना मी वाळूत आलेली पाहून बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पण झिरा भरेपर्यंत सगळ्यांना बसून राहावंच लागतं, उठून जायची सोय नाही. मी हापशाची सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, सभेला चला.

"आमाला काय कळतं त्यातलं?" एक म्हणाली.

"पाणी कोण भरून राह्यलंय? तुमीच ना?"

"अवं वहिनी, सासऱ्यासमोर कसं बसावं? दीर असतात, थोरले भाये असतात."

"बाजाराच्या दिशी कुठं असतात तुमचे सासरे?"

"मंठ्याला."

"अन् दीर?"

"मंठ्याला," असं म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं आणि ती फिसकन हसली. मग सगळाच झिरा हसायला लागला. तेवढ्यात माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "समद्यांचे मंठ्याला. पण तुजे मामा तर तिथंच खुर्चीत बसणार की गं." याचा विचार मी केलाच नव्हता.

ठरलं असं की मी नुसती बसायची आणि बोलायचं मैत्रिणीनं.

सभेच्या दिवशी चावडीपुढच्या कडुलिंबाखाली बाया येत गेल्या. कडेवर पोरं, डोक्यावर पदर. लिंबाची सावली संपली तशा उन्हात बसल्या. ग्रामसेवक बोटानं मोजत होते आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरत होता.

"कोरम भरला," ते सासऱ्यांच्या कानाशी पुटपुटले.

"आज हळदीकुंकू हाये काय इथं?" सासरे मोठ्यानं म्हणाले. बाजाराला न गेलेले दोन-तीन म्हातारे हसले.

ग्रामसेवकांनी एका दमात वाचलं, "हापसा सरपंचांच्या गोठ्यामागं घेणे. मंजूर?"

मैत्रीण उठली. लिंबाच्या खोडाला धरून उभी राहिली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. म्हातारे मंजूर म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मीच उभी राहिले. मामा म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, "सरपंच साहेब, हे मंजूर न्हाई. तुमच्या दारात हीर हाये. खालच्या गल्लीला काय हाये? हापसा शाळेजवळ घ्या."

सासरे माझ्याकडं न बघता ग्रामसेवकांना म्हणाले, "घरातलं घरात बोलावं म्हणावं."

"घरात मला बोलायची सोय न्हाई," मी म्हटलं. "इथं हाये."

ते ऐकून मैत्रिणीला वाचा फुटली. "माजं एक पोट त्या चढावर गेलं," ती म्हणाली. "दुसरं जाऊ देणार न्हाई."

ग्रामसेवकांनी शाळेजवळच्या जागेसाठी हात वर करायला सांगितलं. सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या. मी वळून पाहिलं, तर सगळ्यात मागं माझ्या सासूबाई बसलेल्या. त्या कधी आल्या होत्या कोण जाणे. त्यांचाही हात वर होता. सासऱ्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "लिहा. शाळेजवळ."

मला तिथंच नाचावंसं वाटलं.

शाळेजवळ पाणी भरपूर लागलं. मैत्रिणीला मुलगी झाली, गुटगुटीत. घरात मात्र सासरे बरेच दिवस घुश्शात होते. मग एका सकाळी जेवता जेवता ते सासूबाईंना म्हणाले, आवाज मुद्दाम चुलीपर्यंत पोचेल असा, "तिला म्हणावं, पुढची सभा बी बाजाराच्या दिशीच ठेवून राह्यलो. बायांना बरं पडतं."

चुलीतल्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी सासूबाईंना सांगितलं.

तेव्हापासून आमच्या गावची ग्रामसभा बाजाराच्याच दिवशी भरत आली. पुढं सासऱ्यांचं सरपंचपद गेलं, सुनांचा पदर खांद्यावर आला, पण दिवस बदलला नाही. पुरुष कुरकुर करायचे, "आमचा बाजार बुडतो." आणि तरी बाजार बुडवून सभेला यायचे, कारण न येऊन चालणारच नव्हतं.